सुधारणा समितीने करायच्या की सिस्टरने?

बडोद्यात घरोघरी जाऊन उपशामक सेवा (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा) देणारी छोटी संस्था चालवायची, तर नवं काही करून पाहण्याचं काम कोणाकडे द्यायचं हे लवकर ठरवावं लागतं.

समितीचं काम नीटनेटकं असतं. वर्षाची योजना, अंदाजपत्रक, देणगीदारांना दाखवायला अहवाल. पण आपल्या पेशंटपाशी अनेकदा काही आठवडेच उरलेले असतात. एप्रिलमध्ये सुचलेलं दिवाळीनंतर मंजूर झालं, तर ज्याच्यामुळे सुचलं तो माणूस गेलेला असतो.

सिस्टर दोन घरी करून बघते, जमलं नाही तर पुढच्या आठवड्यात बदलते. दांडिया बाजारातल्या एखाद्या आजींना ‘दहापैकी किती दुखतंय?’ विचारा, त्या ‘बरं आहे’ म्हणतील. ‘रुपयातले, म्हणजे सोळापैकी, किती आणे दुखतंय?’ म्हटलं की ‘बारा’ असं उत्तर येईल. (दशमान नाणी १९५७ साली आली, आजींचा हिशेब मात्र जुनाच.) बैठकीत हे कोणाला सुचलं असतं? तरी सरसकट लागू करू नका. साठीतल्या माणसाला आणे कळत नाहीत, आणि बारा आण्यांचे दहापैकी किती धरायचे हे ठरलेलं नसेल, तर दोन सिस्टरांच्या नोंदी जुळत नाहीत. गोळ्यांच्या तक्त्याचंही तसंच: आजी बाळबोध (देवनागरी) वाचतात, सून गुजराती माध्यमातली. तिथे सूर्य-चंद्राची चित्रं काढून बघावीत.

मॉर्फिनवर (तीव्र वेदनांवरचं अफूजन्य औषध) मात्र प्रयोग नकोत. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, बद्धकोष्ठतेचं औषध बहुधा पहिल्या दिवसापासून सोबत लागतं. मात्रा डॉक्टरच ठरवणार. अमली पदार्थ कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची कटकट कमी झाली, साठ्याची नोंदवही सुटलेली नाही. हे समितीकडेच ठेवा.

केरळचा नमुना उचलावासा वाटतो. कोझिकोडला १९९३ साली सुरू झालेल्या कामातून पुढे वस्त्यांमधल्या स्वयंसेवकांचं जाळं विणलं गेलं, राज्याचं धोरण २००८ साली आलं. म्हणजे पंधरा वर्षं. आपल्याकडे गणेश मंडळांची पोरं आहेत. औषध आणायला, रात्री सोबत बसायला त्यांना आधी एकाच पोळात (जुन्या शहरातल्या गल्लीत) बोलवून बघा.

एक डॉक्टर, दोन सिस्टर एवढाच पसारा असेल, तर माझं मत सिस्टरच्या बाजूने. शनिवारी अर्धा तास बसा आणि फसलेलंही वहीत लिहा, नाहीतर नवी सिस्टर आली की तेच पुन्हा करून बघते.