बायकोच्या व्हिसाची 'फाईल' आणि आमचे एक लाख पस्तीस हजार

मी चिपळूणजवळच्या एका गावचा. अकरा वर्षं क्रूझवर हाउसकीपिंगमध्ये काढली, तिथेच बायको भेटली. ती फिलिपिन्सची, इलोइलोची. आमच्यासारखी जोडपी कोकणात आता बरीच आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय. लाज वाटते, पण लिहितो.

मे २०२२ मध्ये आमच्या अंगणात मांडव घालून, भटजी बोलावून लग्न लागलं. गावजेवण झालं, फोटो निघाले. पण हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो, आणि ही कॅथलिक. त्यामुळे सरकारदरबारी त्या मांडवाचा उपयोग शून्य. मग तिचा तिकडचा अविवाहित असल्याचा दाखला, त्याला तिथे लोक 'सेनोमार' म्हणतात, तो अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालेल असा सरकारी शिक्का मारून आणला, विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लावली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये रत्नागिरीला नोंदणी झाली. या दोन तारखा लक्षात ठेवा, सगळा घोळ त्यांच्यातच आहे.

ती राहत होती एक्स व्हिसावर. भारतीय माणसाच्या परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला मिळतो तो. दर वेळी मुदत वाढवायची, कागद चढवायचे, वाट बघायची. त्यापेक्षा ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी माणसाला भारतात येण्या-राहण्याची कायमची परवानगी) काढलं की आयुष्यभराची कटकट मिटते, एवढं आम्हाला कळलं होतं. जून २०२४ मध्ये आतेभावाच्या ओळखीने ठाण्यातला एक एजंट सापडला. दोन खोल्यांचं ऑफिस, भिंतीवर तिरंगा, टेबलावर लॅमिनेशनचं मशीन. ते मशीन बघून मला उगाचच भरवसा वाटला होता. आता वाटतं, तेच बघून उठायला हवं होतं.

त्याने लग्नाचे फोटो चाळले आणि म्हणाला, "दादा, लग्न मे बावीसचं ना? दोन वर्षं झाली. वहिनींची फाईल रेडी आहे." मी म्हटलं, नोंदणी तर तेवीसची आहे. त्यावर हसला. "ते मी बघतो. दिल्लीत आपला माणूस आहे."

कायद्यात काय आहे ते आता मला पाठ झालंय. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ७अ : लग्नाची नोंदणी झालेली हवी आणि ते लग्न अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. म्हणजे आमचा अर्ज फेब्रुवारी २०२५ च्या आधी होणारच नव्हता. वर सुरक्षा मंजुरी लागते, ती सरकार देतं, 'आपला माणूस' देत नाही. आणि अर्जदार स्वतः, आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांच्यापैकी कोणी कधी पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर कार्ड मिळतच नाही. एवढं त्या कलमात सरळ लिहिलेलं आहे. मी ते एकदाही उघडून वाचलं नव्हतं.

पैसे तीन हप्त्यांत गेले. २५ हजार फाईलचे, ६० हजार सुरक्षा मंजुरीचे, ५० हजार 'साहेबांचे'. तिन्ही वेळा यूपीआयवर, आणि तिन्ही वेळा वेगळ्याच नावाच्या खात्यात. भारतात अर्ज केला तर ओसीआयची सरकारी फी १५ हजार रुपये आहे. बाकीचे १ लाख २० हजार कशाचे, हे मी विचारलं नाही. त्याने आईला भुलवलं ते तर वेगळंच. म्हणाला, कार्ड आलं की सुनेचं नाव कलमांच्या बागेच्या सातबाऱ्यावर चढवू, नवीन जमीनही तिच्या नावाने घेता येईल. आईचे डोळे चमकले. खरं काय, तर ओसीआयवाल्याला शेतजमीन, फार्महाऊस, मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. मतदानही करता येत नाही. ते नागरिकत्व नव्हेच.

पण पैशांपेक्षा वाईट घात त्याने दुसराच केला. हिच्या व्हिसाची मुदत सप्टेंबर २०२४ ला संपत होती. मी विचारलं, वाढवायची का? म्हणाला, "अजिबात नको. फाईल आत गेली की व्हिसाचा प्रश्न नाही. उलट दोन अर्ज एकमेकांना कापतात." असं काही नसतं. ओसीआयचा अर्ज खरोखर केलेला असला तरी कार्ड हातात पडेपर्यंत व्हिसा चालू लागतो. आम्ही गप्प बसलो आणि माझी बायको स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपुढे बेकायदा राहणारी परदेशी झाली. तीन महिने आम्हाला पत्ताही नव्हता.

चोरी पकडली तिनेच. नाताळला माहेरी जायचं म्हणून तिकिटं बघत होतो. बरोबर असावी म्हणून ओसीआयची पावती तिने मागितली. एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो मी प्रिंट काढून ठेवला होता. ती वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "ही मी नाही." पावतीवर तिच्या नावानंतर मधोमध माझं नाव होतं, आपल्याकडे लग्नानंतर बायकांचं लिहितात तसं. पण फिलिपिन्समध्ये मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. तिच्या पासपोर्टवर तेच आहे, कुठेही माझं नाव नाही. पासपोर्ट समोर ठेवून अर्ज भरणारा माणूस ही चूक करूच शकत नाही. आपली नेहमीची सवय म्हणून कोणीतरी संगणकावर ठोकून दिलेलं ते नाव होतं. मग पावतीवरचा नंबर ओसीआयच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला. असा अर्जच नाही.

त्या रात्री आई जेवली नाही. ही मात्र जेवली, भांडी घासली आणि मला म्हणाली, उद्या सकाळी पोलीस.

एजंटचा फोन तोवर बंद झालेला. आम्ही १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग पोलीस ठाण्यात लेखी दिली. तीन खात्यांपैकी एकात १८ हजार शिल्लक होते, ते गोठवलेत. परत मिळालेले नाहीत. पण त्याआधी व्हिसाचं बघायला हवं होतं, कारण तशीच विमानतळावर गेली असती तर तिथेच अडवली असती. ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी आणि व्हिसा बघणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर मी स्वतः अर्ज भरला, उशीर का झाला ते खरं खरं लिहिलं, दंड भरला. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात एकदा बोलावलं, तिथल्या हवालदाराने हिला मराठीत विचारलं, "मासे बनवता येतात का?" आणि ही म्हणाली, "तुमच्यापेक्षा चांगले." मुदतवाढ मिळाली. नाताळ मात्र हुकला.

ओसीआयचा खरा अर्ज आम्ही मार्च २०२५ मध्ये केला, नोंदणीला दोन वर्षं उलटल्यावर. फॉर्म हिनेच भरला, मधल्या नावासकट.

अजून एक. तोच एजंट जाता जाता म्हणाला होता, "पुढे नागरिकत्वही करून देतो, तीन वर्षांत." नागरिकाशी लग्न झालेल्याला सात वर्षांचं वास्तव्य लागतं, कलम ५ मध्ये आहे. अर्जाच्या आधीचे १२ महिने सलग भारतात, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. म्हणून हिने आता एक वही केली आहे. पासपोर्टवरचे जाण्यायेण्याचे शिक्के बघून दिवस लिहिते. मात्र भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तिकडचा पासपोर्ट सोडावा लागेल. तिची आई इलोइलोला आजारी असते. त्यामुळे वहीत दिवस वाढतायत, पण अर्ज करायचा की नाही यावर आम्ही अजून बोललेलो नाही.