पाणलोटाच्या मॉडेलला ईटीचे आकडे कुठून द्यायचे?

पावसाची नोंद मिळते, नदीचा प्रवाह मोजलेला असतो, आणि काम अडतं ते बाष्पीभवन व बाष्पोत्सर्जनाच्या एकत्रित आकड्यावर, म्हणजे ईटीवर. पर्याय बरेच आहेत, पण आधी मॉडेलला कोणतं ईटी हवंय ते पाहा. स्वॅट किंवा एचईसी-एचएमएस ही पाणलोटाची मॉडेलं संभाव्य ईटी घेतात, म्हणजे पाण्याची ददात नसती तर हवेनं किती पाणी ओढलं असतं तो आकडा. जमिनीतल्या ओलाव्याप्रमाणे त्यातून प्रत्यक्ष ईटी मॉडेल स्वतःच काढतं. उपग्रहावरून आलेलं प्रत्यक्ष ईटी संभाव्य म्हणून भरलंत, तर कोरडेपणाची वजावट दोनदा होते आणि मॉडेलमधला प्रवाह विनाकारण फुगतो.

संभाव्य ईटी काढायची खरी निवड बहुतेकदा पेनमन-मॉन्टिथ आणि हरग्रीव्ज या दोन सूत्रांत असते. पेनमन-मॉन्टिथचं आज वापरात असलेलं प्रमाण रूप एफएओनं (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) १९९८ मध्ये दिलं. त्यात १२ सेंटिमीटर उंचीचं, पाण्याची कमतरता नसलेलं गवत धरलंय. तापमान, आर्द्रता, वारा आणि सौर किरणोत्सर्ग अशा चारही नोंदी विश्वासार्ह असतील, तर दुसरीकडे बघूच नका. फक्त वाऱ्याचा वेग २ मीटर उंचीवरचा लागतो. नोंद १० मीटरवरची असेल तर तिला सुमारे ०.७५ ने गुणा.

हरग्रीव्जचं १९८५ चं सूत्र कमाल-किमान तापमानावर भागवतं. वातावरणाच्या माथ्यावर पोचणारा सौर किरणोत्सर्ग अक्षांश आणि तारखेवरून काढता येतो, आणि आकाश किती निरभ्र होतं याचा अंदाज कमाल-किमानातल्या फरकावरून बांधला जातो. वारा आणि आर्द्रता सूत्रात नाहीतच. म्हणून कोरड्या, वाऱ्याच्या प्रदेशात ते कमी आकडा देतं आणि दमट हवेत जास्त. एकेका दिवसाचा आकडा डळमळीत असतो, पाच-दहा दिवसांची सरासरी बरी येते. तरीही आर्द्रतेच्या नोंदी संशयास्पद असतील, तर मी डोळे झाकून हरग्रीव्ज घेईन. खराब आकडे घातलेलं पेनमन-मॉन्टिथ फक्त दिसायला भारदस्त असतं. जवळपास एखाद्या केंद्रावर काही वर्षांच्या चारही नोंदी असतील तर आणखी बरं: तिथे दोन्ही पद्धतींनी ईटी काढा आणि हरग्रीव्जचा ०.००२३ हा गुणांक त्यानुसार जुळवून घ्या.

थॉर्नथ्वेटची १९४८ ची पद्धत महिन्याच्या ढोबळ ताळेबंदापुरती. बाष्पीभवन पात्राची नोंद हाताशी असेल तर वापरा, पण पात्राच्या आकड्यावरून ईटी काढताना सगळीकडे ०.७ चा गुणांक ठोकून देऊ नका. पात्राभोवती गवत आहे की उघडी जमीन, वारा किती, हवा किती दमट, यावर तो ०.३५ ते ०.८५ पर्यंत हलतो.

आता तयार आकडे. ईआरए५-लँड या जागतिक हवामान-आकड्यांच्या संचात १९५० पासूनचं तासातासाचं हवामान सुमारे ९ किलोमीटरच्या जाळीवर मिळतं. मात्र त्यातलं तयार संभाव्य बाष्पीभवन उघड्या पाण्याचं असतं, गवताचं किंवा पिकाचं नव्हे. ते तसंच भरण्यापेक्षा तापमान, दवबिंदू, वारा आणि किरणोत्सर्ग उतरवून घ्या आणि पेनमन-मॉन्टिथ स्वतः चालवा. (या संचाच्या फाइलींत बाष्पीभवन ऋण चिन्हानं येतं, तेही ध्यानात असू द्या.)

मॉडिस या उपग्रहावरच्या उपकरणावरून काढलेला ईटीचा संच, एमओडी१६, ५०० मीटर आणि ८ दिवसांच्या टप्प्यांचा आहे. तो संभाव्य ईटीही देतो, पण माझ्या मते त्याची खरी जागा तपासणीत आहे: मॉडेलनं काढलेलं प्रत्यक्ष ईटी त्याच्याशी ताडून पाहा. जलाशय आणि शहरी भागावर त्यात आकडे नसतात. वर्षाचा शेवटचा टप्पा ५ किंवा ६ दिवसांचाच असतो, त्यामुळे टप्प्याच्या बेरजेला सरसकट ८ नं भागलं की डिसेंबर चुकतो. ग्लीम हा उपग्रहांच्या नोंदींवरून काढलेला ईटीचा दुसरा संच रोजचे आकडे देतो, पण त्याची जाळी जाड. मोठ्या खोऱ्याला चालेल, लहान पाणलोटात जेमतेम एक-दोन चौकोन पडतील.

काहीही निवडलंत तरी अनेक वर्षांच्या पावसातून प्रवाह वजा करून पाहा. भूजल उपसा किंवा बाहेरून वळवलेलं पाणी नसेल, तर ही वजाबाकी प्रत्यक्ष ईटीच्या जवळपास यायला हवी. मॉडेलचा आकडा बराच दूर असेल तर मातीचे किंवा प्रवाहाचे गुणांक पिळण्याआधी ईटीकडे परत या.