साडेबाराशेची दोन हेल्मेटं आणि सात टाके

आधीच सांगतो, मी काही नवशिका नाही. अठरा वर्षं गाडी चालवतोय. तरी घोडबंदर रोडला बांबूवर टांगलेल्या हेल्मेटांना भुललो. पुढच्या सिग्नलला तपासणी चालू, बायको मागे बिनहेल्मेटची, हजाराची पावती डोळ्यांपुढे. साडेसहाशेला एक, दोन घेतली, घासाघीस करून १,२५०. पन्नास सुटले म्हणून खूशही झालो!

चूक कळायला हवी होती ती तिथेच. हातात घेतल्या घेतल्या मीच म्हणालो, "अरे वा, किती हलकं!" तो नुसता हसला. आतून दाबलं तर बोट थेट कवचाला टेकलं. आत जाड थर्माकोल लागतो, आपटल्यावर तो दबतो आणि मार झेलतो. इथे पातळ स्पंज. दाबून पाहिलं आणि तरी पैसे दिले. आयएसआयचं चकचकीत स्टिकर होतं ना.

पंधरा दिवसांनी खड्ड्यात गाडी घसरली. वेग तीससुद्धा नव्हता. हनुवटीखालचं बक्कल तुटलं आणि हेल्मेट माझ्याआधी डिव्हायडरला पोचलं. कानाच्या वर सात टाके, सीटी स्कॅनचे ३,२००, सगळे मिळून ११,४६०. बायकोला फक्त खरचटलं, पण ऐकवते अजून.

घरी स्टिकरला नख लावलं तर अख्खं सोलून हातात. खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर 'आयएस ४१५१' हा हेल्मेटच्या मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून बघा, पैसे देण्याआधी. माझा टाकला, काहीच सापडलं नाही.

चौकीत पहिला प्रश्न, "बिल आहे?" फूटपाथवरचा बिल देतो का हो? क्यूआरचं पेमेंट दाखवलं, नाव भलत्याच बाईचं. "हे आमच्याकडे येत नाही, पालिकेत जा." पालिकेत म्हणे, "फेरीवाला उठवू, माल खरा की खोटा ते आमचं काम नाही." ऑनलाइन तक्रार चौथ्या दिवशी बंद, कारण, विक्रेत्याचा तपशील अपुरा. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. मग माझी पावती दोन मिनिटांत फाटते आणि तीस पावलांवरचा तो कुणालाच दिसत नाही?

दुकानातून घ्या, बिल मागा. मेव्हणा त्याचं जुनं देत होता, एकदा आपटलेलं. वरून धड दिसलं तरी तसलंही घालू नका.

काल तिथूनच गेलो. तोच बांबू. भाव आता साडेपाचशे.