मूळ तबकडी की रीमास्टर केलेलं संकलन?
१९५०च्या दशकातली विस्मरणात गेलेली अमेरिकी हिट गाणी ऐकायला दोन वाटा आहेत: मिनिटाला ४५ फेऱ्यांची सात इंची ग्रामोफोन तबकडी (आरसीए व्हिक्टर या अमेरिकी कंपनीने ती १९४९ साली आणली), नाहीतर लंडनच्या एस रेकॉर्ड्ससारख्या कंपन्यांची रीमास्टर केलेली, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने साफ करून काढलेली संकलनं.

तबकडीवर रेडिओसाठी ठासून भरलेलं मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीतून येणारं) मिक्स असतं. सुई टेकली की आधी खरखर, मग थेट छातीत शिरणारा आवाज! पण स्टायरीन या प्लास्टिकच्या तबकड्या लवकर झिजतात.

मूळ मास्टर टेपवरून (स्टुडिओतल्या अंतिम ध्वनिफितीवरून) केलेल्या संकलनात ड्रमवर फिरणारा ब्रश, ओळीआधी गायकाने घेतलेला श्वास, सगळं उलगडतं. सोबतची पुस्तिका तर खजिनाच. मात्र खरखर पुसताना झांजांची चमकही पुसली गेली, की जीव हळहळतो.

मी संकलनच घेतो. मूळ मोनो आहे ना, एवढं आधी बघतो.