एनव्हीडीए स्क्रीन रीडर: ऑफिसात रोज वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यापासून ऑफिसचा पूर्ण वेळ मी एनव्हीडीएवर काम करते आहे. हा स्क्रीन रीडर, म्हणजे कम्प्युटरच्या स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या आजारामुळे नजर हळूहळू आक्रसत गेली, स्क्रीन मोठी करकरून वाचायचे दिवसही संपले, आणि नोकरी सोडायची नव्हती. नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक व्यापाराच्या फर्ममध्ये हिशेब बघते. हे मुद्दाम सांगते, कारण फोनवर बातम्या ऐकणं वेगळं आणि जीएसटीच्या टूबी विवरणाचा ताळा खरेदी रजिस्टरशी जुळवणं वेगळं. मराठीत जे काही सापडतं ते बहुतेक पहिल्याबद्दलच असतं.

एनव्हीडीए फुकट आहे, आणि फुकट म्हणून कमअस्सल नाही. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी २००६ मध्ये ते सुरू केलं. बनवणाऱ्यांना स्वतःला दिसत नाही, हे वापरताना जाणवतं. कंट्रोल दाबलं की आवाज तिथल्या तिथे गप्प होतो. ‘इन्सर्ट’ आणि ‘टी’ दाबलं की आपण कोणत्या खिडकीत आहोत ते कळतं. वेबपेजवर ‘एच’ने शीर्षकं, ‘बी’ने बटणं, ‘टी’ने तक्ते गाठता येतात. माउस ड्रॉवरमध्ये गेला तो गेलाच.

एक्सेलवाल्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगते. शीर्षकांच्या ओळीतल्या पहिल्या सेलवर जाऊन ‘इन्सर्ट’, ‘शिफ्ट’ आणि ‘सी’ दाबा. त्यानंतर आडवं सरकताना नुसतं ‘१८४२०’ ऐकू येत नाही, ‘करपात्र रक्कम १८४२०’ असं येतं. डावीकडच्या नावांसाठी ‘सी’च्या जागी ‘आर’. हे कळेपर्यंत मी रकाने बोटांवर मोजत होते. मात्र कोणी शोभेसाठी सेल मर्ज केले असतील तर सगळी गंमत बिघडते.

आता आवाज. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठी आहे. ऐकायला यंत्रमानवी, पण वेग कितीही वाढवला तरी अक्षर तुटत नाही. विंडोजचा हिंदी आवाज कानाला गोड, पण तो ‘चांगला’ आणि ‘जागा’ अस्सल हिंदी वळणाने म्हणतो. मी कामाला ईस्पीकच ठेवला. माझा वेग आता असा आहे की शेजारच्याला नुसती कुजबुज वाटते. मे महिन्यात मात्र हाल होतात. बाहेर पंचेचाळीस, खिडकीत डेझर्ट कूलर, आणि त्याच्या घरघरीत साडेतीन हजार की साडेचार हजार ते कळत नाही. दोन्ही कानांत इअरफोन घातले तर कोणी हाक मारलेली ऐकू येत नाही, म्हणून एकच कान देते आणि माझं टेबल कूलरपासून दूर हलवून घेतलं. ऑफिसकडे पहिली मागणी केली ती हीच, आणि ती लगेच मान्य झाली. बाकीच्या मागण्यांना वेळ लागला.

अडचण सॉफ्टवेअरपेक्षा त्याला मिळणाऱ्या फायलींची जास्त आहे. आमच्याकडे जुनी पत्रं कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. ‘नागपूर’वर कर्सर नेऊन अक्षर-अक्षर ऐकलं तर यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. अख्खं पत्र असं. तेच युनिकोडमध्ये केलं की घडाघडा वाचतो. दुसरा त्रास फोटोचा. बिलाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि वर विचारायचं, "ताई, बिल पाठवलं न, दिसून नाही राहिलं का तुम्हाले?" इन्सर्ट-आर दाबून छापील इंग्रजी मजकूर बऱ्यापैकी निघतो. मराठी कागद मी गुगल ड्राइव्हवर चढवून डॉक म्हणून उघडते. शिक्क्याखाली दबलेला आकडा मात्र कोणत्याच उपायाने हाती लागत नाही, तो माणसालाच विचारावा लागतो.

‘जरा सहकार्य करा’ असं मी बरेच दिवस म्हणत होते. सगळे हो म्हणायचे आणि संध्याकाळी परत फोटो. मग एक पानाची मेल लिहिली: पत्र युनिकोडमध्ये, बिलाची मूळ पीडीएफ, सेल मर्ज करू नका, लाल-हिरवा रंग लावला तर बाजूच्या रकान्यात ‘बाकी’ किंवा ‘जमा’ लिहा. मेलखाली कायद्याच्या दोन ओळी जोडल्या. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येणार नाही, हे संरक्षण देणारं कलम २०(४) सरकारी आस्थापनांपुरतं आहे, त्यामुळे माझ्या कामाचं नाही. पण कलम २१चं समान संधी धोरण खासगी फर्मलाही करावं लागतं. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर सहायक साधनं आणि संपर्क अधिकारी याबद्दल त्यात लिहावं लागतं, आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवावी लागते. शेठजींनी मेल सीएंना पुढे पाठवली. सीए म्हणाले, बरोबर आहे. इतकंच पुरेसं झालं. भांडण नाही, मोर्चा नाही. माझं मत विचाराल तर कायद्याचा धाक कमी लागला. काय करायचं ते चार ओळींत समोर आलं, त्याने काम झालं.

यातलं सगळंच सुटलं असं नाही. माझ्या बँकेच्या ॲपने केवायसीसाठी चेहरा गोलात आणून डोळे मिचकवायला सांगितलं. गोल कुठे आहे हेच कळेना. शेवटी शाखेत जाऊन केलं. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ला सोसलेल्या प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसी सर्वांना जमेल असं करायला सांगितलं (हे कलम २१ संविधानातलं, वरच्या कायद्यातलं नाही). निकाल काउंटरवरच्या मुलाला माहीत नव्हता. तो बिचारा चांगला वागला, हेही खरं.

स्क्रीन कर्टन नावाची सोय मला फार आवडते. ती चालू केली की स्क्रीन पूर्ण काळी, काम चालूच. पगारपत्रक करताना मागे कोण उभं आहे याची चिंता नाही. सुरुवातीला कोणीतरी "मॅडम, तुमचा कम्प्युटर बंद पडला वाटते" म्हणत प्लग हलवून बघायचं. आता सवय झाली. सवय न झालेली एकच गोष्ट, पाहुण्यांना माझ्या टेबलाशी आणून "बघा, न बघता कशी टाइप करते" दाखवणं. टायपिंग येणारा कोणीही न बघताच टाइप करतो.

शिकायचं असेल तर आधी इनस्क्रिप्ट कीबोर्ड (प्रत्येक मराठी अक्षराची कळ ठरलेली) बोटांत बसवा. फोनेटिकमध्ये, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगने मराठी टाइप करताना, प्रत्येक शब्दाचे पर्याय ऐकत बसावं लागतं. पहिले काही आठवडे रोज डोकं दुखेल, कारण दिवसभर कानाशी कोणीतरी बोलत असतं. एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, दुसऱ्याच्या मशीनवर लावता येते.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण त्या मराठी आवाजासाठी कापला.

आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर अजून नीट बोलत नाही. व्हाउचर छापायच्या पानावर नुसतं ‘बटण, बटण, बटण’ ऐकू येतं, कारण बनवणाऱ्याने बटणांना नावंच दिलेली नाहीत. कंपनीला लेखी कळवलं आहे, पुढच्या आवृत्तीत करतो म्हणाले. तोवर छपाई शेजारच्या टेबलावरून होते आणि त्या टेबलाची बँक जुळवणी मी करते.