पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी 'प्रिन्स कॅस्पियन': काय मिळतं, कुठे अडतं

सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेतलं हे दुसरं पुस्तक, १९५१ चं. सात पुस्तकांच्या संचात मात्र त्यावर बहुधा ४ हा आकडा दिसेल, कारण हल्लीचे संच कथेतल्या काळानुसार लावलेले असतात. त्या आकड्याच्या मागे लागू नका. आधी १९५० चं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' आणि लगेच हे, असाच क्रम ठेवा. पहिल्या पुस्तकात एडमंड आपल्याच भावंडांशी फितूर होतो. ते माहीत नसेल, तर या पुस्तकातलं त्याचं वागणं मुलांना कळणारच नाही.

कोल्हापूरच्या मुलांना इमान ही गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंचा पुतळा त्यांनी पाहिलेला असतो, १६६० चा वेढा आणि शिवा काशीद यांचं बलिदान त्यांना तोंडपाठ असतं. पण त्या गोष्टी आपण सांगतो त्या इमान सिद्ध झाल्यावरच्या. लढाई हरत चालली आहे, राजा कोवळा आहे, सोबत्यांचं एकमेकांशी पटत नाही, अशा वेळी माणूस आतून कसा टिकतो आणि कसा तुटतो, हे पायरीपायरीने दाखवणारं पुस्तक हवं असेल तर हे घ्या.

सातवं प्रकरण नीट वाचा. विम्बलवेदर हा राक्षस चुकीच्या वेळी, चुकीच्या जागेवरून बाहेर पडतो आणि नार्नियाच्या गादीचा खरा वारस, कोवळा कॅस्पियन, याचा काका मिराझविरुद्धचा मोठा हल्ला फसतो. रात्री मसलत बसते. जुनं जादूचं शिंग फुंकायचं ठरतं. ट्रम्पकिन या बुटक्याचा त्या शिंगावर काडीचा विश्वास नाही आणि तो ते तोंडावर सांगतो. पण मदत जिथे येऊ शकेल अशा दोन ठिकाणी जासूद पाठवायचे म्हटल्यावर जायला तोच तयार होतो. सल्ला देऊन झाला, आता हुकमाची वेळ, एवढाच त्याचा हिशेब. मुलांना इथे थांबवून विचारा: पटत नसताना गेला, तर तो खोटं वागला का? या एका प्रश्नावर वर्ग चांगला तासभर भांडतो.

याच्या उलट निकाब्रिक. तोही बुटका, तोही कॅस्पियनच्याच बाजूचा, आणि त्याच्या लोकांनी भोगलंयही फार. बाराव्या प्रकरणात मदत येत नाही असं दिसल्यावर तो एक चेटकीण आणि एक लांडगामाणूस घेऊन येतो. ज्या पांढऱ्या जादूगारणीने नार्नियाला शंभर वर्षं हिवाळ्यात गोठवलं, तिलाच परत बोलवा म्हणतो. दिवा विझतो, अंधारात झटापट होते, निकाब्रिक मरतो. कुणाच्या हातून, ते कळत नाही, आणि कळलं नाही याचं कॅस्पियनला बरंच वाटतं. लढाई लवकर जिंकलो असतो तर शांततेच्या दिवसांत हा चांगला माणूस होऊ शकला असता, असं तो बोलून दाखवतो. शत्रूला मदत करू पाहणाऱ्याबद्दल इतकी करुणा मुलांच्या युद्धकथेत क्वचित सापडते. आमच्या मते पुस्तकाची खरी किंमत या पानांत आहे.

नवव्या प्रकरणातलं मतदानही असंच. अस्लान हा सिंह, नार्नियाचा रक्षक, चार भावंडांपैकी फक्त लूसीला दिसतो. वर जायचं की खाली, यावर मतं घेतली जातात आणि तिच्या बाजूने एकटा एडमंड उभा राहतो, कारण मागच्या वेळी तिला खोटं पाडण्यात तोच पुढे होता. थोरला भाऊ पीटर खालची वाट धरतो, पुढे शत्रूचे बाण येतात, सगळा रस्ता परत चढावा लागतो.

आता अडचणी. चार ते सात ही चार प्रकरणं म्हणजे ट्रम्पकिनने सांगितलेली मागची हकिकत. बेटावरची चार भावंडं अचानक गायब होतात आणि बरीच मुलं इथेच पुस्तक मिटतात. त्यामुळे तिसरं प्रकरण संपल्यावर फळ्यावर दोन रकाने करावेत, एकात भावंडं, दुसऱ्यात कॅस्पियन, आणि प्रत्येक प्रकरणानंतर कोण कुठे आहे ते लिहीत जावं. पुस्तकात एकूण पंधरा प्रकरणं आहेत. इंग्रजी वाचून मराठीत समजावत गेलात, तर एका प्रकरणाला पाऊण तास धरा. ग्लोझेल, सोपेस्पियन ही नावं जिभेवर बसत नाहीत. पण ती गाळू नका, कारण आपल्याच राजाला, मिराझला, डिवचून द्वंद्वात उतरवणारे सरदार हेच दोघे, आणि तो पडल्यावर त्याला भोसकणारा यांतलाच ग्लोझेल. निकाब्रिकशेजारी त्यांना ठेवलं की दुःखातून आलेली फितुरी आणि लोभातून आलेली फितुरी यांतला फरक मुलं स्वतःच सांगतात.

चौदाव्या प्रकरणात अस्लानची मिरवणूक गावोगाव फिरते तो भाग सैल आहे, ऐन लढाईनंतर दम निघून जातो. तिथे भरभर वाचलं तरी चालेल.

२००८ चा सिनेमा आधी दाखवू नका. किल्ल्यावरचा रात्रीचा छापा मुलांना फार आवडतो, पण तो पुस्तकात नाही. पीटर आणि कॅस्पियनची चुरसही सिनेमावाल्यांची. पुस्तकातला पीटर पहिल्याच भेटीत सांगतो की तुझं सिंहासन घ्यायला आलेलो नाही, तुला त्यावर बसवायला आलोय.

पुढचं पुस्तक १९५२ चं, 'द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर'. त्यात युद्ध नाही, समुद्रप्रवास आहे. रीपिचीप हा तलवारबाज उंदीर आवडलेल्या मुलांच्या हाती ते लगेच द्यावं.