बालवाडीत आठ महिने: दट्ट्यांच्या पेट्या, गुलाबी मनोरा आणि घरचे चिंचोके

जूनमध्ये आमच्या बालवाडीसाठी माँटेसोरी पद्धतीचं (मूल वस्तू हाताळत स्वतःच शिकतं ती) लाकडी साहित्य मागवलं: दट्ट्यांच्या, म्हणजे वर गुंडी असलेल्या गोल लाकडी ठोकळ्यांच्या चार पेट्या, गुलाबी मनोरा आणि बोट फिरवून गिरवायची खरखरीत अक्षरं. गाव चिपळूणजवळचं, मुलं २२, वय तीन ते पाच. मी आणि मदतनीस मावशी. आता फेब्रुवारी संपत आलाय. घ्यायच्या विचारात असाल तर वाचा.

पैसे खरे वसूल झाले ते पेट्यांत. प्रत्येक पेटीत १० दट्टे, १० खळगे. तीन पेट्यांत दट्ट्यांची जाडी बदलत जाते. बारीक दट्टा मोठ्या खळग्यात टाकला की शेवटी एक जाडा हातात उरतोच. चौथीत जाडी सारखी, फक्त उंची कमीजास्त. तिथे कुठलाही दट्टा कुठेही जातो, पण एक बुडतो आणि एक डोकं वर काढतो. एक मुलगा बुडालेला दट्टा दाखवायला रोज माझ्याकडे यायचा. मी गप्प राहिले (बाईंच्या जिभेला हे सोपं नाही). चौथ्या दिवशी त्यानं सगळे उपसले आणि मांडी घालून पुन्हा लावले. वरची गुंडी तीन बोटांत धरावी लागते, तीच पकड पुढे पेन्सिलीच्या कामाला येते.

मग आला जुलै. कोकणातला पाऊस, लाकूड फुगलं, दट्टे खळग्यांत घट्ट रुतले. "बाई, हा हट्टी झालाय," म्हणत पोरं ओढाताण करायची. मी शहाणपणा करून पॉलिश पेपरनं दट्टे घासले. डिसेंबरात हवा कोरडी झाल्यावर तेच दट्टे खळग्यांत खुळखुळायला लागले, आणि शेजारच्या खळग्यातही बसायला लागले! पेटीची सगळी मजा तिच्या नेमकेपणात असते, ती मीच घालवली. तुम्ही घासू नका. रात्री पेट्या झाकणाच्या डब्यात ठेवा, ऊन पडेल तेव्हा थोडा वेळ बाहेर काढा. उरलेल्या दोन पेट्या मी अशाच वाचवल्या.

अक्षरांचा संच मात्र फुकट गेला. खरखर इतकी कमी की बोटाला कळतच नाही, वर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे. शेवटी जाड पुठ्ठ्यावर बारीक पॉलिश पेपरची अक्षरं कापून चिकटवली. दोन रविवार गेले, पण आता मुलं डोळे मिटून 'ग' ओळखतात.

ओतणं, निवडणं, ओवणं यांचे तयार संचही मिळतात. ते घेऊ नका. दोन लोट्या, एक ताट, तांदूळ, आणि महिन्याभरानं तांदळाऐवजी पाणी. सांडलं तर पुसायला फडकं मुलाच्याच हातात. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला शिंपले, पानं, बिया, खडे यांवरच बालवाड्या चालवल्या. माँटेसोरीबाईंची पद्धत होती, पण महागडी पेटी परवडणार नव्हती. आमच्याकडे निवडायला चिंचोके आणि सागरगोटे आहेत. एका आजीनं हौसेनं गुंजा आणून दिल्या, त्या मी त्याच दिवशी परत केल्या. दिसायला गोड, पण बी विषारी. चिंचोक्यांचं ताटही आमच्यापैकी एकजण समोर असेल तरच बाहेर निघतं, कारण ऑक्टोबरात एक हरभरा नाकात गेला होता. निघाला, पण तासभर जीव टांगणीला.

मनोऱ्याचं थोडक्यात सांगते. १० सेंटिमीटरच्या ठोकळ्यापासून १ सेंटिमीटरच्यापर्यंत १० ठोकळे. मोठा उचलायला दोन्ही हात लागतात, म्हणून मोठं-लहान हे आधी हातांना कळतं. रंग दोन ठिकाणी उडालाय, बाकी तक्रार नाही. फक्त सगळ्यात लहान ठोकळा ऑगस्टात हरवला. गावच्या सुतारानं तेवढ्याच मापाचा करून दिला, पण त्याच्याकडे गुलाबी रंग नव्हता. टोकावरच्या त्या पिवळ्या ठोकळ्याला मुलं "पाहुणा" म्हणतात, आणि दुपारी साहित्य आवरताना तो आधी डब्यात गेलाय ना, हे तीच बघतात.